पाण्याखालचा आवाज आणि उघडे दार : बिली आयलिशचा अल्बम समजून घेताना

‘ही गाते कधी?’ हा ताईचा प्रश्न पुण्याहून साताऱ्याला जाताना, कात्रजचा बोगदा यायच्या थोडे आधी आला. भाचीने गाडीच्या स्पीकरवर बिली आयलिशचा ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ हा अल्बम लावला होता, काचा खाली होत्या, शेजारून ट्रक जात होते आणि त्या गोंगाटातून आमच्यापर्यंत पोचत होता तो केवळ खर्जातला ठोका. शब्द आणि सूर मध्येच कुठेतरी विरत होते. ‘मावशी, तू तरी सांग ना आईला,’ असे भाची कळवळून म्हणाली खरी, पण मला त्या वेळी धड काही सांगता आले नाही. जे सांगायला हवे होते, ते येथे सविस्तर मांडत आहे.

आधी थोडी ओळख

बिली आयलिश ही अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे २००१ साली जन्मलेली गायिका. ती गाणी स्वतः लिहिते, थोरला भाऊ फिनिअस याच्यासोबत त्यांना चाली लावते आणि स्वतःच गाते. अशा कलावंताला इंग्रजीत ‘सिंगर-साँगरायटर’ म्हणतात. घरातल्या झोपण्याच्या खोलीत ध्वनिमुद्रित झालेल्या पहिल्या अल्बमसाठी या भावंडांना २०२० मध्ये ग्रॅमीचे सर्वांत मोठे पुरस्कार मिळाले, तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ हा तिचा तिसरा अल्बम १७ मे २०२४ रोजी आला. त्यात दहा गाणी आहेत आणि सगळी मिळून सुमारे ४४ मिनिटे होतात.

नावाची कथा गमतीची आहे. फिनिअसच्या संगणकावरील संगीत-सॉफ्टवेअरमध्ये एका तयार ध्वनीला दिलेले नाव बिलीने चुकीचे वाचले आणि त्या चुकीतून हे शीर्षक निघाले. मला जोराने मार आणि हळुवारही मार, अशी ही अशक्य मागणी आहे. अल्बमचा सगळा स्वभाव तिच्यात आला आहे.

‘मूड’ म्हणजे नेमके काय?

परीक्षणांत ‘मूड’ हा शब्द इतक्या सढळपणे वापरला जातो की त्याचा अर्थच पातळ झाला आहे. येथे त्याचा अर्थ एवढाच घ्यावा : शब्द कळण्याआधी जे कळते ते.

‘जेवायला ये’ हे वाक्य घ्या. आईने हे कानाशी येऊन हलकेच म्हटले, तर आपण आजारी असतो किंवा रुसलेलो असतो. बंद दाराआडून म्हटले, तर घरात भांडण झालेले असते. गच्चीवरून ओरडून म्हटले, तर आपण खाली अंगणात खेळत असतो आणि सगळे आलबेल असते. शब्द तेच, पण आवाज किती अंतरावरून आणि कशाच्या आडून आला, यावर घरातली हवा ओळखता येते. बिलीच्या या अल्बमचा मूड मला अशा अंतरांतून घडलेला वाटतो. गाणारी व्यक्ती कधी आपल्या कानात आहे, कधी दाराआड, कधी पाण्याखाली. आणि प्रत्येक गाण्यात ती आहे त्या ठिकाणाहून दुसरीकडे सरकू पाहते आहे.

दुसरा शब्द ‘प्रतिमा’. जे थेट सांगता येत नाही त्याच्या जागी एखादी दिसणारी वस्तू ठेवणे, म्हणजे प्रतिमा. या अल्बममध्ये पाणी, दार, पिंजऱ्यातला पक्षी आणि निळा रंग अशा मोजक्याच प्रतिमा आहेत, पण त्या पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी त्यांचा अर्थ थोडा बदललेला असतो.

कुजबुज एवढी मोठी कशी होते?

ताईचा प्रश्न मुळीच अडाणीपणाचा नव्हता. आपल्याकडे गाण्याची सवय झालेला कान नाट्यगृहात घडला आहे. ध्वनिक्षेपक नसताना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागे, त्यामुळे खुला आणि फेकीचा आवाज म्हणजे गाणे, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले. मायक्रोफोनने ते समीकरण मोडले. आता गायिकेला शेवटच्या रांगेपर्यंत जावे लागत नाही, कारण शेवटच्या रांगेतला श्रोताच तिच्या ओठांपाशी आणून बसवता येतो.

यात दोन गोष्टी घडतात. ध्वनिमुद्रणासाठी सहसा वापरतात त्या एकाच दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेले की आवाजातला खर्ज वाढतो आणि तो भरीव, ऊबदार लागतो. आकाशवाणीवरच्या निवेदकांचा आवाज प्रत्यक्ष भेटीत आपल्याला जरा वेगळा वाटतो, त्यामागे हेही एक कारण असते. दुसरी गोष्ट म्हणजे ‘कॉम्प्रेशन’. सभेत ध्वनिक्षेपकाच्या बटणावर बोट ठेवून बसलेला माणूस आठवा. वक्त्याने मान वळवली की तो आवाज वाढवतो आणि वक्ता गरजला की उतरवतो. कॉम्प्रेशन हे काम क्षणाच्या लहानशा भागात, अखंड करत राहते. त्यामुळे श्वास, ओठ उघडतानाचा बारीक आवाज, शब्द संपताना उरलेली हवा हे सगळे ढोलाच्या बरोबरीने ऐकू येते. फिनिअस तर बिलीचाच आवाज अनेकदा मुद्रित करून त्याचे थर डाव्या-उजव्या कानांत मांडतो. एकच मुलगी दोन्ही खांद्यांवरून एकदम बोलते आहे, असा भास त्यातून होतो.

धावत्या गाडीत हे सगळे वाया जाते. इंजिनाची घरघर नेमकी हे बारकावे गिळते आणि मग ‘ही गाते कधी?’ असे वाटणे स्वाभाविकच आहे.

गाते कधी, याचे उत्तर मात्र अल्बममध्येच आहे : सहाव्या गाण्यात. ‘द ग्रेटेस्ट’ हे गाणे आपल्या एकतर्फी सहनशीलतेची उपरोधाने पाठ थोपटणाऱ्या प्रेयसीचे आहे. मी किती वाट पाहिली, किती गप्प बसले, मीच सगळ्यांत महान, असा त्याचा सूर. सुरुवातीला गिटारच्या आधाराने चाललेला तिचा आवाज हळूहळू चढतो आणि अखेरीस मोठ्या वाद्यमेळासह पूर्ण खुलून कडाडतो. पहिल्या पाच गाण्यांत तिने हात राखून गायले नसते, तर हा क्षण निव्वळ आरडाओरडा वाटला असता. विलंबित लयीत तासभर संयम ठेवणाऱ्या गवयाची एकच तान अंगावर काटा आणते, ते याच हिशेबाने.

पाणी : मुखपृष्ठापासून कानापर्यंत

मुखपृष्ठावर गडद निळे पाणी आहे. वर पृष्ठभागाशी एक पांढरे दार उघडे आहे आणि बिली त्या दारातून निसटल्यासारखी खाली बुडत चालली आहे. हे चित्र संगणकावर जुळवलेले नाही. खांद्यांवर वजन घेऊन ती पाण्याच्या टाकीत सुमारे सहा तास हे छायाचित्रण करत होती.

पाण्यात आवाजाचे काय होते, हे विहिरीत पोहलेल्या प्रत्येकाने अनुभवले आहे. (पाण्यात उडी घेण्याला आपण ‘सूर मारणे’ म्हणतो, हा मराठीने केलेला सुंदर योगायोग.) काठावर उभी असलेली मंडळी ओरडत असतात, पण डोके पाण्याखाली गेले की त्यांचे शब्द हरवतात आणि उरते ती एक बोथट गुणगुण. याचे कारण असे की हवेतून आलेल्या आवाजाचा बहुतांश भाग पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून परत फिरतो. आणखीही एक गोष्ट घडते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १,४८० मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक वेगाने. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू बऱ्याच अंशी दोन्ही कानांपर्यंत तो पोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरून ठरवतो. पाण्यात तो फरक एवढा घटतो की दिशा कळेनाशी होते. आवाज सगळीकडून, किंबहुना आपल्याच डोक्यातून येतो आहे असे वाटते. दुःखात बुडालेला माणूस जगाचे बोलणे असेच ऐकत असतो.

ध्वनिमुद्रणात हा परिणाम ‘फिल्टर’ने साधतात, म्हणजे आवाजातला तीक्ष्ण, वरच्या पट्टीचा भाग गाळून टाकतात. विसर्जनाची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असताना घरात नुसता ढोलाचा घुमारा येतो, ताशा येत नाही. मिरवणूक कोपऱ्यावर वळली की ताशाची कडकड एकदम कानावर आदळते. फिल्टर उघडणे हे असे असते. तिसऱ्या गाण्यात, ‘चिहिरो’मध्ये, बेस गिटारचा गोल गोल फिरणारा ठेका बराच वेळ संयमाने चालतो आणि उत्तरार्धात सिंथेसायझरचा दबलेला आवाज हळूहळू उघडत, धार घेत, लाटेसारखा वर येतो. शब्द न कळणाऱ्यालाही त्या घडीला आपण पृष्ठभागाकडे ओढले जात आहोत असे जाणवते.

दार

‘चिहिरो’ हे नाव जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या २००१ सालच्या ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटाच्या नायिकेचे. आईवडिलांसोबत एका बोगद्यातून चालत गेलेली ही दहा वर्षांची मुलगी आत्म्यांच्या दुनियेत अडकते आणि तिथे तिचे नावही काढून घेतले जाते. स्वतःचे नाव विसरले तर परतीची वाट बंद, अशी तिथली अट असते. लहान वयातच जगाच्या नजरेत सापडलेल्या गायिकेला ही गोष्ट का भिडली असेल, हे वेगळे सांगायला नको.

गाण्यात दार उघडण्याची आर्जवी विनवणी येते. तीच विनवणी नवव्या ‘बिटरस्वीट’ गाण्यात आणि पुन्हा दहाव्या गाण्यात परतते. मुखपृष्ठावरचे दार तर उघडेच आहे, तरी ती त्याच्यापासून दूरच जाते आहे. नवव्या गाण्याच्या नावातला श्लेष मराठीत आणता येत नाही, पण समजून घेता येतो : ‘स्वीट’ हा उच्चार इंग्रजीत गोड या अर्थाचाही आहे, हॉटेलमधल्या ऐसपैस दालनाचाही आहे आणि अनेक तुकड्यांच्या संगीतरचनेचाही. कडू-गोड प्रेम, चोरून भेटण्याची खोली आणि मध्येच चाल बदलणारे गाणे, हे तिन्ही त्या एका नावात बसले आहेत.

पक्षी, पिंजरा आणि निळा रंग

पहिले गाणे ‘स्किनी’. बारीक झाल्यामुळे लोकांना आपण सुखी दिसतो, याची बोच त्यात आहे. रंगमंचावरून उतरल्यावर आपण पिंजऱ्यातला पक्षी असतो, असे ती तिथे म्हणते. चौथ्या गाण्याचे शीर्षक ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ म्हणजे एकाच जातीचे पक्षी, अभिन्न जोडी. आपला ‘एकाच माळेचे मणी’ हा वाक्प्रचार येथे घातला तर सगळा विरस होईल, कारण मराठीत तो चिडून म्हणायचा असतो. हेच गाणे जगभर सर्वाधिक गाजले. स्पॉटिफायवर ते शंभर कोटींहून अधिक वेळा ऐकले गेले. चाल हलकी, उन्हातली, पावले थिरकवणारी. शब्दांत मात्र शवपेटी आहे, कुजणारे शरीर आहे, आणि मी निळी पडू लागले तर वाचवू नकोस, अशी विनंतीही आहे.

त्या निळ्या पडण्याकडे लक्ष द्यावे. दहावे गाणे ‘ब्लू’ या एका शब्दावर उभे आहे आणि मराठी वाचकाची खरी अडचण येथे होते. इंग्रजीत निळे असणे म्हणजे खिन्न असणे. आपल्याकडे निळा म्हणजे आकाश, कृष्ण, आंबेडकरी चळवळीचा ध्वज; खिन्नतेशी त्याचा संबंध नाही. तरीही मराठीत एक वाट आहे. मार बसला की अंग काळेनिळे पडते, विष चढले की ओठ निळे पडतात, श्वास कोंडला की बाळ निळे पडते. बिलीचा निळा रंग मला याच्या अधिक जवळचा वाटतो. ‘ब्लू’च्या पहिल्या भागात जग काळ्या-पांढऱ्यात पाहू म्हटले तरी निळेपण सुटत नाही, अशी कबुली आहे. दुसऱ्या भागात लय मंदावते आणि प्राणवायूवाचून निळ्या जन्मलेल्या जिवाची प्रतिमा येते. या खेपेला निळेपण तिचे नाही, तिला दुखावणाऱ्याचे आहे. शीर्षकात मारण्याची भाषा आहे आणि शेवटी रंग निळा आहे, हा मेळ मला अपघाती वाटत नाही.

त्याच गाण्यात पिंजऱ्यातला पक्षी परततो, एकाच जातीच्या पक्ष्यांचा उल्लेख परततो, पण आता त्या समजुतीची लाज वाटते असे ती म्हणते. चौथ्या गाण्यातली शपथ दहाव्यात खोटी ठरते. एकेकटे गाणे ऐकणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

‘हे सगळे तिच्या आयुष्यात घडलेले आहे का?’

भावगीतात कवी एक, संगीतकार दुसरा, गायिका तिसरी. त्यामुळे गाण्यातला ‘मी’ म्हणजे गायिका, असे आपण समजत नाही. तिन्ही भूमिका एकीच्याच असल्या की हा विवेक सुटतो. ‘लंच’मध्ये एका स्त्रीविषयीचे आकर्षण भुकेच्या भाषेत येते, ‘वाइल्डफ्लॉवर’मध्ये मैत्रिणीच्या पूर्वीच्या प्रियकराशी जुळल्याची टोचणी येते, आणि श्रोते नावे शोधत बसतात. हा शोध मला निरर्थक वाटतो.

याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे आठवे गाणे, ‘द डायनर’. त्यातला ‘मी’ हा एका प्रसिद्ध स्त्रीचा पाठलाग करणारा विकृत चाहता आहे. अशा माणसांपासून संरक्षण मिळवण्यासाठी बिलीला प्रत्यक्षात न्यायालयात जावे लागले आहे, आणि येथे ती त्याच माणसाच्या तोंडून गाते, जत्रेतल्या भेसूर खेळासारख्या वाद्यसंगतीवर. आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही : संतांनी विराण्या लिहिल्या त्या विरहिणीच्या तोंडून, आणि त्या वाचताना आपण कधी गोंधळलो नाही.

‘अशा गाण्यांनी मुले उदास होत नाहीत का?’

ही धास्ती अनाठायी नाही, विशेषतः ‘वाचवू नकोस’ हे शब्द आईवडिलांच्या कानी पडले तर. पण ती भाषा प्रेमातल्या अतिशयोक्तीची आहे. आपण ‘सात जन्म’ म्हणतो तशी. करुण रस रंगमंचावर आनंद कसा देतो, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याचे उत्तरही अंतराशीच येऊन थांबते : ते दुःख पुरेसे आपले असते आणि पुरेसे आपले नसतेही. मूल दिवसेंदिवस गप्प असेल, जेवत-झोपत नसेल, तर त्याच्याशी बोलावे, गरज भासल्यास डॉक्टरांना दाखवावे. गाण्यांची यादी तपासून काही हाती लागणार नाही.

‘ही विक्रीची युक्ती कशावरून नाही?’

काही अंशी आहेच. मार्च २०२४ मध्ये बिलीने एकाच अल्बमच्या अनेक रंगीत तबकड्या काढून खपवण्याच्या रीतीवर टीका केली होती आणि दोन महिन्यांनी तिचाच अल्बम आठ प्रकारच्या तबकड्यांत आला. त्या पर्यावरणाला कमी घातक सामग्रीच्या होत्या आणि सर्वांत गाणी तीच होती, तरी विसंगती लपत नाही.

दुसऱ्या पारड्यात मात्र एक वजनदार गोष्ट आहे. आज रिवाज असा आहे की अल्बमआधी दोन-तीन गाणी सुटी सोडून बाजार तापवायचा. तिने एकही सोडले नाही. हा अल्बम म्हणजे कुटुंब आहे आणि त्यातल्या एकाच लेकराला खोलीच्या मधोमध एकटे उभे करायचे नाही, अशा अर्थाचे तिचे म्हणणे होते. पक्षी आणि दार यांच्या परतण्यातून जे साधले आहे ते पाहता मला हे म्हणणे पटते.

कसे ऐकावे?

चांगले हेडफोन, एक मोकळा तास, आणि गाण्यांचा क्रम न बदलणे. सातव्या गाण्यात, ‘लामूर द मा वी’मध्ये, हॉटेलातल्या संथ संध्याकाळचे संगीत अचानक नाचाच्या दणदणीत यांत्रिक ठेक्यात उलटते, तेव्हा फोन बिघडला असे समजू नये. ‘माझ्या आयुष्यातले प्रेम’ असा त्या फ्रेंच शब्दांचा अर्थ, आणि तसे ते नव्हतेच, हे गाण्याचे म्हणणे. उलटणारा ठेका तेच सांगतो. ‘स्किनी’च्या अखेरीस व्हायोलिन-चेलोंचा जो छोटा मेळ येतो, तोही लक्षात ठेवावा, कारण ‘ब्लू’च्या शेवटी तंतुवाद्ये पुन्हा येतात आणि वर्तुळ मिटल्यासारखे वाटते. तिथे संगीत थांबते आणि बिली साध्या, रोजच्या बोलण्याच्या आवाजात विचारते : पण पुढचे कधी ऐकायला मिळणार?

साताऱ्याला पोचल्यावर रात्री भाचीने ताईच्या कानांवर स्वतःचे हेडफोन चढवले. सहाव्या गाण्याला ताईने एकदा मान हलवली, बाकी काही बोलली नाही. शेवटचे ते वाक्य आले तेव्हा तिने एक कान मोकळा करून मागे वळून पाहिले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाली, ‘काय गं, मला काही म्हणालीस का?’